पोटभर खायला देऊनही माझी मांजर उंदीर, पाली, चिमण्या मारून घरात का आणते? ही सवय मोडता येईल का?

तुम्ही लिहिलंय, "दोनदाऐवजी तीनदा खायला द्यायला लागले, तरी काही फरक नाही." माझ्या पहिल्या मांजरीच्या वेळी मीही हेच केलं होतं. मांजर तेवढी लठ्ठ झाली, आणि त्या लठ्ठपणातही दर आठवड्याला एखादी पाल दारात आणून ठेवायची.

मांजरीच्या डोक्यात भूक आणि शिकार यांची खाती वेगळी असतात. एका उंदरात तिचं पोट भरत नाही. बाहेर जगणाऱ्या मांजरीला दिवसभरात असे बरेच लहान जीव लागतात, आणि तिच्या झडपा बहुतेक वेळा वायाच जातात. भूक लागेपर्यंत थांबून मग शिकारीला निघणारी मांजर उपाशी मरेल. म्हणून काहीतरी सळसळलं, पळालं की अंग आपोआप दबा धरतं, मग पोट भरलेलं असो वा नसो. १९७६ साली ॲडमेक नावाच्या संशोधकाने याचा सरळ प्रयोग केला होता. मांजरी आवडीचं खाणं खात असताना त्याने समोर जिवंत उंदीर सोडला. त्यांनी खाणं सोडलं, उंदीर मारला, तो उचलून ताटलीपाशी आणला आणि पुन्हा ताटलीतलंच खायला लागल्या! तुमच्या मांजरीचं तिसरं जेवण कुठे वाया जातंय ते यावरून लक्षात येईल.

"खेळवून खेळवून मारते, बघवत नाही," हेही तुम्ही लिहिलंय. बघवत नाही हे खरंच, पण त्यात दुष्टपणा नाही. उंदीर चावतो. त्याला दमवल्याशिवाय मानेवर दात रोवायला तोंड जवळ न्यायचं म्हणजे स्वतःचा डोळा पणाला लावायचा. शिवाय पोट भरलेलं असलं की मारून टाकायची घाई नसते, त्यामुळे हा खेळ आणखी लांबतो. "ती आपल्याला भेट आणते" हा समज गोड आहे, पण मला तो फारसा पटत नाही. पिल्लं असलेली मांजर त्यांच्यासाठी शिकार आणते हे खरं. बाकी वेळी ती आपला माल सुरक्षित जागी आणते, आणि ती जागा नेमकी तुमची पायपुसणी असते.

घरात येतं तेवढंच ती मारते असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या एका अभ्यासात ५५ पाळीव मांजरींच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. त्यातल्या ४४ टक्के मांजरी शिकार करत होत्या, आणि मारलेल्यापैकी जेमतेम २३ टक्के जीव घरापर्यंत येत होते. जवळजवळ निम्मे तर मारून तिथेच टाकलेले. अमेरिकेत मोकळ्या फिरणाऱ्या मांजरी वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा २०१३ चा एक अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरींचा असला तरी आपल्या लाडोबाही त्यात आहेतच.

आता तिच्या तब्येतीचं. जंतांबद्दल तुम्ही विचारलंत, पण मला जास्त भीती वाटते ती विष खाल्लेल्या उंदराची. उंदीर मारायची बरीच विषं रक्त गोठू देत नाहीत. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस झिंगल्यासारखा, सुस्त फिरतो. मांजरीला याहून सोपी शिकार कुठली मिळणार? असा एखादा उंदीर खाऊन बऱ्याचदा काही होत नाही, पण चार-सहा खाल्ले की विष अंगात साठत जातं. लक्षणंही लगेच दिसत नाहीत, तीन ते पाच दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, मांजर मलूल, धाप, नाकातून किंवा शीतून रक्त. आमचा बोका असाच एकदा दोन दिवस कपाटाखालून बाहेर आला नाही. आम्हाला वाटलं, उकाड्याने पडून असेल. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, तेव्हा पोटात गोळा आला. के-१ जीवनसत्त्वाने तो वाचला, पण औषध कित्येक आठवडे चाललं. हे घरच्या घरी करायचं काम नाही. आसपास कोणी विष ठेवत असेल तर त्याच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा, कारण सगळी विषं एका जातीची नसतात. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, आणि त्यात काही तासांतच खेळ आटोपू शकतो.

जंतांची गोष्ट त्यामानाने सोपी. उंदरांमधून पट्टकृमी येतात, आणि त्यांच्यावर जंतांचं प्रत्येक औषध चालत नाही. पालींमधून यकृतात जाणारा एक चपटा कृमीही येतो. त्याने भूक मंदावते, उलट्या होतात, डोळे पिवळे पडतात. त्याच्यावरच्या औषधाचा डोस नेहमीपेक्षा मोठा लागतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं "जंतांचं औषध द्या" म्हणू नका, "ही पाली खाते" हे सांगा. त्या एका वाक्याने उपचार बदलू शकतो. रेबीजची लस चुकवू नका. वटवाघूळ पकडलं तर तो दिवस लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

घरात कोणी गरोदर असेल तर टॉक्सोप्लाझ्माचं (पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा एक सूक्ष्म परजीवी) नाव ऐकून मांजर सोडून देण्यापर्यंत लोक जातात. तशी गरज नसते. हा परजीवी मांजरीला बहुधा शिकारीतूनच लागतो आणि पहिल्या संसर्गानंतर थोडे दिवस तिच्या शीतून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून शीचा डबा रोज साफ करायचा, आणि ते काम गरोदर बाईने करायचं नाही.

तुमचा कुत्रा भेक (खडबडीत कातडीचा बेडूक) तोंडात धरतो म्हणालात, ते लगेच थांबवा. काही भेकांच्या कातडीतलं विष तोंडाच्या आतून अंगात भिनतं. तोंडाला फेस आला, हिरड्या लालभडक झाल्या तर डोकं खाली झुकवून ओल्या फडक्याने हिरड्या-जीभ पुनःपुन्हा पुसा. घशात पाणी ओतू नका. झटके आले, तोल गेला तर घरी थांबू नका.

आता सवयीबद्दल. मोडणार नाही, कमी होईल. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मांसाचं प्रमाण जास्त असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरात येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळल्याने २५ टक्के. गळ्यात रंगीत कापडी झालर घातली तर पक्षी ४२ टक्के कमी आले, कारण पक्ष्यांना ती लांबून दिसते. उंदरांवर झालरीचा उपयोग नाही. आणि सगळे जी पहिली बांधतात त्या घंटीने काहीच लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही! खाणं काढायला झटापट करावी लागते अशा खेळण्याने तर शिकार वाढलीच. पट्टा घालणार असाल तर ओढ बसली की आपोआप सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून फास बसायचा.

मी स्वतः खेळावर भर देतो. काठीला बांधलेलं पीस पळवायचं, लपवायचं, आणि शेवटी तिला पकडू द्यायचं. त्यानंतर लगेच जेवण. नुसतं पळवून हातात काहीच लागलं नाही तर ती चिडते आणि थेट कुंपणाकडे जाते. लेझरचा ठिपका म्हणूनच मला आवडत नाही. पहाटे आणि संध्याकाळी तिला आत ठेवा, ते दोन प्रहर शिकारीचे. जमत असेल तर कायमची घरात, खिडकीला जाळी लावून. आमची दुसरी मांजर तीन आठवडे दाराशी बसून बोंबलली, मग खिडकीची कड तिची झाली.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, जिवंत पाखरू आणलं तर काय करायचं? ओरडू नका, ती ते घेऊन पलंगाखाली जाईल. तिच्या अंगावर टॉवेल टाका, पाखरू सोडवा, हाताला कापड गुंडाळून भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका. वरून एक पीसही हललेलं दिसलं नाही तरी "बरं आहे" म्हणून उडवून देऊ नका. मांजरीच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे सुईएवढ्या जखमेनेही पाखरू एक-दोन दिवसांत मरतं, त्याला प्रतिजैविक लागतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा पक्षी वाचवणाऱ्यांकडे पोचवा.