लग्नाच्या वाढदिवसाला बार्सिलोनातल्या हॉटेलमधल्या महागड्या स्पॅनिश रेस्टॉरंटात जावं का? आम्ही दोघं शाकाहारी आहोत.

जा. उत्तर एवढंच. पुढचं नाही वाचलंत तरी चालेल, कारण पुढे मी तुमच्यापेक्षा माझ्या दादाशीच जास्त बोलणार आहे.

तुम्ही लिहिलंय की दोघांचे मिळून चाळीसेक हजार होतील आणि घरचे म्हणतात, "एवढ्यात गावजेवण होईल." हे वाचलं आणि डोकंच फिरलं. अगदी हेच वाक्य मी 2023 च्या एप्रिलपासून दादाकडून ऐकते आहे. दिवाळीला ऐकते, भाऊबीजेला ओवाळताना ऐकते, परवा भाच्याच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर ऐकलं.

आमची सांगलीत खानावळ होती. एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, माडीवर दोन खोल्या. मासिक मेंबर साठ-पासष्ट, त्यात बँकेतले, कोर्टातले कारकून, कॉलेजातली पोरं. स्वयंपाकाला आईच्या हाताखाली दोन बायका होत्या, पण वाढायला ती स्वतः बाहेर यायची. मी दहाव्या वर्षापासून वाढते आहे. आधी मीठ-लिंबू, मग चटणी-कोशिंबीर, आणि तेराव्या वर्षी आमटीचं ओगराळं हातात आलं. ओगराळं मिळणं म्हणजे बढती होती, कारण आमटी सांडली तर मेंबरची पँट खराब आणि धुलाईचे पैसे आमच्या माथी. त्यामुळे आजही कुठल्याही हॉटेलात गेले की माझी नजर आधी ताटावर नाही, वाढणाऱ्याच्या हातावर जाते.

तर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बार्सिलोनात नोकरी करणाऱ्या लेकीनं परस्पर बुकिंग केलं आणि म्हणाली, तुम्ही दोघंच जा. पासेज दे ग्रासियाच्या आसपासचं एक पंचतारांकित हॉटेल, त्यातलं रेस्टॉरंट. नाव सांगत नाही, पुढे तक्रार आहे. हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेकीनं तसं ईमेलवर कळवलं होतं आणि "काळजी नसावी" असं उत्तरही आलं होतं.

दुपारी दोनला पोचलो तर आम्हीच पहिले. तिथले लोक अडीचनंतर यायला लागले. अकरा टेबलं, मोजली मी. दोन टेबलांमध्ये एवढी जागा की आमची माडी त्यात मावली असती.

पहिलाच पदार्थ म्हणजे चमच्यात एक हिरवं ऑलिव्ह. दिसायला ऑलिव्ह, तोंडात घातलं की फुटतं आणि नुसता रस. ऑलिव्हच्या रसात कॅल्शियम मिसळलेलं असतं, तो अल्जिनेटच्या पाण्यात सोडला की भोवती पातळ कातडी धरते. ही फेरान आद्रिया या स्पॅनिश शेफच्या एल बुयी रेस्टॉरंटातली करामत. ते रेस्टॉरंट 2011 च्या जुलैत बंद झालं, पण युक्त्या सगळीकडे पसरल्या. अल्जिनेट समुद्रातल्या शेवाळाचं असतं, म्हणजे चायनाग्रासचं भावंडच म्हणा. ह्यांना ते ऐकून हायसं वाटलं. मला खरं सांगायचं तर पंधरा सेकंदांची गंमत वाटली, त्यापलीकडे काही नाही. त्यापेक्षा नंतर आलेला टोमॅटो चोळलेला पाव, वर तेल आणि मीठ, तो मी दोनदा मागून घेतला. हा कातालोनियातल्या, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतातल्या, घराघरांतला पदार्थ. तिथं तो मागितल्यावर वाढणाऱ्या मुलीचा चेहरा खुलला, तसा आमच्याकडे "आणखी थोडी आमटी" म्हटल्यावर आईचा खुलायचा.

आता मुद्द्याचं. हे डावखुरे आहेत. पहिल्या वाटीला चमचा उजवीकडे होता, ह्यांनी तो उचलून डाव्या हातात घेतला. दुसऱ्या वाटीपासून ह्यांचा चमचा डावीकडे, सुरी डावीकडे, पाण्याचा पेलासुद्धा सरकून डावीकडे. माझं सगळं उजवीकडेच. कोणी काही विचारलं नाही, बोललं नाही. ह्यांच्या तर लक्षातही आलं नाही, चौथ्या पदार्थाला मी दाखवलं तेव्हा ते खाली बघून लाजले. पंचवीस वर्षांत आमच्या घरात, लग्नकार्यांत, ऑफिसच्या पार्ट्यांत ह्यांच्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. मीही नाही. मी तर वाढपी!

मग भात आला. खोलगट ताटलीत जेमतेम चार घास, ओलसर, केशरी. एका तरुण पोरानं आणून ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, हंगामी भाज्यांचा भात. ह्यांनी चमचा उचलला. तेवढ्यात खोलीच्या त्या टोकाकडून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ निघाले. त्या खोलीत कोणीच भरभर चालत नव्हतं, हे मात्र चालले. आले आणि ह्यांच्या ताटलीवर त्यांनी आडवा हात धरला.

आपल्याकडे जेवणारा ताटावर आडवा हात धरतो, बास म्हणून. वाढणाऱ्यानं धरलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

म्हणाले, चूक आमची आहे, हा भात माशांच्या उकडपाण्यात शिजवलाय, तुमचा वेगळा होता. उगाच शब्दांची फिरवाफिरव नाही, त्या पोराकडे बोट नाही. ह्यांचा चेहरा उतरला, आधीच्या चार वाट्यांत काय होतं कुणास ठाऊक! त्यांच्या ते लक्षात आलं असावं. आत गेले आणि पाच मिनिटांत एक कागद घेऊन आले. पेन्सिलनं, इंग्रजीत, आतापर्यंत आलेल्या प्रत्येक पदार्थात काय काय होतं ते ओळीनं लिहिलेलं. तेलापासून मिठापर्यंत. तो कागद ह्यांच्या पाकिटात अजून आहे.

भाताच्या बदल्यात वीस मिनिटांनी एस्कालिवादा आलं. वांगी, ढोबळी मिरची, कांदा विस्तवावर भाजून, सोलून, वर ऑलिव्हचं तेल. म्हणजे भरिताचं कातालान चुलतभावंड, फक्त ठेचत नाहीत. हे म्हणाले, "165 युरोचं भरीत." आणि चाटूनपुसून खाल्लं.

आता तक्रार. बिलातून एक सेंटही कमी केला नाही. दोन मेनू 330, कावा म्हणजे तिकडच्या फसफसत्या वाइनचे दोन पेले 30 (हो, घेतली, पंचवीस वर्षं झाली म्हणून), पाण्याच्या दोन बाटल्यांचे 12 आणि माझी एक कॉफी 6. एकूण 378 युरो, तेव्हाच्या भावानं 34,000 रुपये. शाकाहारी मेनूलाही मांसाहारी मेनूइतकेच पैसे, हे मला आजही पटत नाही. वांगं आणि काळ्या डुकराचं तीन-तीन वर्षं टांगून मुरवलेलं खामोन एकाच भावात? लेकीनं नंतर ईमेल केला, त्यावर गोडगोड माफी आली, पैसे नाहीत. त्या गृहस्थांनी जे सावरलं ते त्यांच्या अंगच्या गुणानं, हॉटेलच्या नव्हे. ईमेलवर आधी सांगितलेलं भात आणणाऱ्या पोरापर्यंत पोचलंच नव्हतं, हा गलथानपणा आहे आणि त्या दरात तो अजिबात चालणार नाही.

मी मूर्खासारखं हे सगळं त्या रात्री घरच्या ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर आलं, "34,000 मध्ये आपली खानावळ महिनाभर चालली असती. चमचा डावीकडे ठेवायचे पैसे घेतात होय?"

हो दादा, त्याचेच घेतात.

1998 साली दादानं खानावळीत खणांची ताटं आणली. आतच भरायची, दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात, आणि बाहेर नेऊन ठेवायची. वरची पोळी हवी तर कूपन. दोन वाढपी होते, तेही कमी केले. हिशेब चोख होता, अन्न वाया जाईना, पंगत वीस मिनिटांत उठायला लागली. आई भांडली, मग गप्प झाली, मग स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाली. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर जेवायला असत, अकरा वर्षं, खाडा जवळपास नाहीच. त्यांचा हात कापायचा. आई त्यांची वाटी कधीच भरायची नाही, अर्धी आमटी वाढायची आणि तीनदा यायची. दादाला वाटायचं तिला अंदाज येत नाही. खणांची ताटं आल्यावर दुसऱ्या महिन्यात मास्तर यायचे बंद झाले. दादा म्हणाला, म्हातारा चिकट आहे, कूपनचे पैसे परवडले नसतील.

असो. तुमच्या कामाचं सांगते.

"वेखेतारियानो", म्हणजे शाकाहारी, एवढंच सांगून भागणार नाही. तिकडे भाजीत हॅमचे तुकडे आणि सॅलडमध्ये टूना टाकून वर ते शाकाहारी म्हणतात. सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन काल्दो: मांस नको, मासे नकोत, हॅम नको, उकडपाणी नको. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बुकिंगला सांगा, आदल्या दिवशी फोन करून सांगा, बसल्यावर पुन्हा सांगा. चीजसाठी दूध कशानं फाडतात (बऱ्याचदा वासराच्या पोटातल्या रसानं) या फंदात पडलात तर घरीच वरणभात करा. रात्रीपेक्षा दुपारी जा. रात्री आठ-साडेआठच्या आधी बहुतेक ठिकाणी दार उघडत नाही, आणि तीन तास जेवून झोपणं आपल्या पोटाला झेपत नाही. पाएया मागू नका. तो वालेन्सियाचा भात, दुपारचा आणि चारचौघांत बसून एकाच कढईतून खायचा प्रकार. त्याच्या तळाची खरवड, तिला सोकारात म्हणतात, तिच्यासाठी तिकडे भांडणं होतात, तशी आमच्यात भाताच्या खरवडीसाठी व्हायची. ती खायची तर साध्या ठिकाणी जा. टिप सक्तीची नाही. आम्ही 10 युरो ठेवले.

आणि नुसतं पोट भरायचं असेल तर दादा म्हणतो तेच खरं. स्पेनमध्ये साध्यासुध्या हॉटेलांत दुपारी "मेनू देल दिया" असतो. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं 15-20 युरोंत. आपली राइसप्लेटच. दादाला तिकडे नेलं तर तो तिथंच भागीदारी मागेल.

वाढणाऱ्याच्या भलेपणाचा लोक फायदाही घेतात, हेही सांगते. कासेरेस गावात आत्रिओ म्हणून हॉटेल आणि रेस्टॉरंट आहे, नंतर त्यांना तिसरा मिशलिन ताराही (रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान) मिळाला. 2021 च्या ऑक्टोबरात तिथं एक जोडपं सगळं चौदा-पंधरा पदार्थी जेवून खोलीत राहिलं. मध्यरात्रीनंतर बाईनं खाली फोन केला, भूक लागली. स्वयंपाकघर बंद झालं होतं, तरी रात्रपाळीचा माणूस तिच्यासाठी कोशिंबीर करायला गेला. ह्या गडबडीत तिच्या जोडीदारानं तळघरातून वाइनच्या 45 बाटल्या लांबवल्या, त्यात एक 1806 सालची. त्या बाईचा स्विस पासपोर्टही खोटा निघाला. लेकीनं मला हा किस्सा सांगितला तेव्हा ती चोरीवर हसत होती, मला त्या कोशिंबीर करणाऱ्या माणसाचंच वाईट वाटत राहिलं. साडेदहानंतर शेवटच्या गाडीनं उतरलेल्याला आईसुद्धा कधी नाही म्हणाली नाही. आमच्याकडे चोरण्यासारखं पितळी पातेल्यांपलीकडे काही नव्हतं एवढंच.

एक राहिलं, न्यायाचं म्हणून सांगते. 1998 सालीच माझं लग्न झालं. म्हणजे दादानं खणांची ताटं आणली तेव्हा ओगराळं धरणारी मीच निघून गेले होते, आणि लग्नाचं कर्जही त्याच्याच डोक्यावर होतं. खानावळ सहा वर्षांनी बंद पडली ती ताटांमुळे की चौकाचौकांत निघालेल्या पोळी-भाजी केंद्रांमुळे, यावर आम्ही दोघं वेगवेगळं सांगतो. पण दादा इथं वेगळ्या नावानं शेअर बाजारावर उत्तरं लिहितो, मला माहीत आहे. दादा, वाचत असशील तर मास्तर भेळवाल्याच्या बोळात अजून दोन वर्षं राहत होते. मी माहेरी आले की बरणीत आमटी घेऊन जायचे. कूपनचं त्यांनी कधी नावही काढलं नाही.

कपड्यांचं विचारलं होतंत. मी नारायणपेठ नेसले होते, ह्यांचा साधा पांढरा शर्ट. कोणी वळूनही बघितलं नाही. एसी फार असतो, शाल न्या.