रिपोर्ट चांगले आले, मग मला बरं का वाटत नाही?

"मॅडम, ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनही झालं. रिपोर्ट चांगले आहेत. घरचे म्हणतात, सुटलीस, आता आनंदात राहा. मग मला काहीच का वाटत नाही?"

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायका शब्द वेगवेगळे वापरतात, पण विचारतात हेच. आणि प्रत्येकीला वाटतं की हे फक्त आपल्यालाच होतंय, आपणच कृतघ्न आहोत. म्हणून त्यांच्यातल्या एकीची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

शेवटचं रेडिएशन होऊन चार महिने झाले होते. केस बोटभर वाढलेले, हार्मोन रोखणारी रोजची गोळी सुरू. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक वही काढली. रोजचं वजन, झोपेचे तास, दोन्ही हातांचा घेर. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून टेपने मोजून लिहिलेला. अक्षर सुरेख, एकही दिवस चुकलेला नाही.

"ताई, यात तुम्हाला आवडलेलं काही लिहिलंय का?"

बराच वेळ पानं उलटत राहिल्या. "त्याला रकानाच नाही."

उपचार चालू असतात तेव्हा पुढची तारीख माणसाला धरून ठेवते. ते संपतात, दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, आणि तोवर घाबरायलाही न मिळालेली सवड मिळते. म्हणून उपचारांनंतरचे महिने अनेकींना उपचारांपेक्षा जड जातात. हे एवढं सांगितलं तरी कितीतरी जणी समोर बसून रडतात.

त्यांना मी रोज अर्धा तास झाडांमध्ये जाऊन बसायला सांगितलं. दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा वहीत नवा रकाना होता: 'निसर्ग, ३० मिनिटं'. खाली रोजची बरोबरची खूण.

"बसते मी. पक्ष्यांचे आवाज ऐकते, खोल श्वास घेते. काही फरक नाही."

चूक माझी होती. मी झाडं औषधासारखी लिहून दिली होती आणि त्या इमानदारीने डोस घेत होत्या. बाकावर बसून त्या झाडाकडे बघतच नव्हत्या. आपल्याला बरं वाटायला लागलं का, हेच तपासत होत्या. मग मी म्हटलं, "वही घरी ठेवा. बरं वाटावं म्हणून जाऊ नका. पुढच्या वेळी मला फक्त तिथली एक बातमी सांगा. तुमची नको, तिथली."

पुढच्या भेटीत त्या खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"मॅडम, मुंगी चढली हातावर. ह्याच हातावर." ऑपरेशनच्या बाजूचा हात. तो त्या कायम पोटाशी धरून चालायच्या. "झटकणारच होते. डॉक्टरांनी सांगितलंय ना, ह्या हाताला कीटक चावू द्यायचा नाही. पण लहानशी काळी मुंगी होती, घाईत होती. बघत राहिले. मनगटावरून कोपरापर्यंत आली, गुदगुल्या होत होत्या. मग दंडाच्या आतल्या बाजूला गेली आणि एकदम काहीच कळेना. दिसतेय, पण लागत नाहीये."

काखेतल्या शस्त्रक्रियेत तिथली संवेदना वाहणारी नस बऱ्याचदा दुखावली जाते, त्यामुळे दंडाची आतली बाजू पुष्कळ जणींना बधिर वाटते. ते त्यांना ठाऊक होतं. पण ऑपरेशननंतर त्यांनी ती जागा कधी नीट पाहिलीच नव्हती.

"मग ती बाहेरच्या बाजूला वळली आणि पुन्हा गुदगुल्या! मला हसू आलं. मोठ्याने हसले मी, एकटीच. नंतर तिला पानावर उतरवून दिलं." थोडं थांबून म्हणाल्या, "एवढ्या वेळात मला कॅन्सर आठवलाच नाही."

आम्ही दोघी गप्प बसलो. माझ्या कामात असे क्षण थोडे येतात, आणि आले की मी बोलायची घाई करत नाही. शेवटी मी विचारलं, "ताई, गेल्या वर्षभरात तुमच्या शरीराकडे किती जणांनी पाहिलं असेल?"

"मोजणंच सोडलं. मशीन, डॉक्टर, नर्स, नातेवाईक. मी सुद्धा."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी बघत होते."

त्या वाक्याने मला माझंच काम नव्याने कळलं. उपचारांच्या काळात बाई सतत बघितली जाते, आणि हळूहळू स्वतःकडेही तपासनिसाच्या नजरेने बघू लागते. झाडाला, मुंगीला, ढगाला तिचा रिपोर्ट नको असतो. त्यांच्यासमोर ती पुन्हा बघणारी होते. पुष्कळदा आनंद तिथूनच आत येतो.

स्टीफन आणि रेचल कॅपलन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीवर माझा विश्वास आहे, तो अशा अनुभवांमुळे. ताणून धरलेलं लक्ष थकतं, असं ते म्हणतात. हलणारी पानं किंवा वाहतं पाणी लक्ष वेधून घेतात, पण त्यासाठी जोर लावावा लागत नाही, म्हणून थकलेल्या मनाला तिथे विसावा मिळतो. बर्नाडीन सिम्प्रिच यांनी २००३ साली हेच स्तनाच्या कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या स्त्रियांमध्ये तपासलं. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गाच्या सान्निध्यात घालवायला सांगितलेल्या गटाची लक्ष एकाग्र करण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या गटापेक्षा चांगली सावरली. 'केमोनंतर डोक्यात धुकं भरलंय' म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

तुम्हालाही जावंसं वाटलं, तर कसरत म्हणून जाऊ नका. चालण्याचा व्यायाम हवाच, पण त्याची वेळ वेगळी ठेवा. फोन पिशवीत असू द्या. थकवा फार असेल तर खिडकीतून दिसणारी एक फांदीही पुरते, मात्र रोज तीच बघा, म्हणजे तिच्यातले बदल दिसू लागतील. रेडिएशन झालेल्या त्वचेवर थेट ऊन घेऊ नका. मातीत काम करणार असाल तर हातमोजे घाला. केमो अजून चालू असेल तर माती हाताळण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण तेव्हा जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. आणि रडू आलं तर येऊ द्या, झाडाखाली हसरंच बसलं पाहिजे असं नाही.

झाडं कॅन्सर बरा करत नाहीत. गोळ्या आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. नवी गाठ किंवा न थांबणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

शेवटच्या भेटीत मी त्यांना वहीबद्दल विचारलं. हाताचा घेर अजून लिहितात, तो लिहायलाच हवा. बाकीचे रकाने बंद झालेत.

"पुढच्या महिन्यात मॅमोग्राफी आहे," त्या म्हणाल्या. "भीती वाटतेच, झोप उडते. पण हॉस्पिटलच्या पार्किंगशेजारी एक झाड आहे. वर्षभर त्याच्याखाली गाडी लावली आणि ते कसलं झाड आहे ते मला माहीत नाही. त्या दिवशी तासभर आधीच जाणार आहे."