आधी दार कोणतं ते बघ

चि.स अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर तू म्हणालीस, "या न्यायालयाला दावा चालवायचा अधिकारच नाही, अशी अधिकारक्षेत्राची हरकत समोरच्यांनी घेतलेलीच नाही, मग आपण कशाला उकरून काढायची?" मी गप्प बसलो. डोक्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८८४चा एक निवाडा घोळत होता: मॅन्सफील्ड, कोल्डवॉटर अँड लेक मिशिगन रेल्वे विरुद्ध स्वान.

वाद रेल्वेमार्गाच्या बांधकामाच्या कराराचा. स्वान आणि इतरांनी ओहायोच्या राज्य न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी रेल्वे कंपन्यांना ते न्यायालय नको होतं. पक्षकार निरनिराळ्या राज्यांचे असले की संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाला दावा चालवता येतो; तसे ते आहेत असं सांगून त्यांनी दावा संघीय सर्किट न्यायालयात नेला. वादींचा त्याला विरोध होता. पण निकाल वादींच्याच बाजूने लागला आणि त्यांची कुरकुर थांबली. कंपन्या अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

तिथे न्यायालयाने आपण होऊन दप्तर तपासलं. दर वादी दर प्रतिवादीहून वेगळ्या राज्याचा हवा, हा नियम १८०६पासूनचा. आणि कागदांत तसं कुठेच दिसेना. मग सर्किट न्यायालयाला दावा चालवायचा अधिकारच नव्हता! न्यायालयाने म्हटलं, अपिलात पहिला प्रश्न अधिकाराचा: आधी आमच्या, मग जिथून दप्तर आलं त्या न्यायालयाच्या. पक्षकार गप्प असले तरी हा प्रश्न विचारावाच लागतो. कराराच्या खरेखोटेपणात शिरता येणार नव्हतं, पण खालची चूक दुरुस्त करण्यापुरता अपिलाचा अधिकार होता. तेवढाच वापरून निकाल रद्द झाला.

म्हणजे ज्यांनी चूक केली, त्यांचाच फायदा. हे विचित्र आहे, वादींवर जाचक आहे, हे न्यायालयानेही मान्य केलं. म्हणून निकाल कंपन्यांच्या बाजूने फिरला तरी खर्च त्यांच्याच माथी मारला. मला निवाड्यातला हा भाग सगळ्यात आवडतो. तो लिहिणारे न्यायमूर्ती स्टॅन्ली मॅथ्यूज स्वतः ओहायोचे, आणि रेल्वेचे वकील म्हणून इतके प्रसिद्ध की १८८१मध्ये सिनेटने त्यांची नेमणूक २४ विरुद्ध २३, अशी एका मताने मंजूर केली होती.

आता स्वानच्या जागी आपला अशील ठेव. तो खाली जिंकलाय, म्हणूनच मला धास्ती वाटते. सोमवारी येताना मूळ वादपत्र आण. माझ्याकडे फक्त अपिलाची प्रत आहे.