चौकातला बोर्ड आणि सात सेकंद

वाचक विचारतात

छोट्या व्यवसायाच्या जाहिरातीविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी फक्त फोटोग्राफरांची पत्रे घेतली आहेत. बहुतेक सातारा आणि आसपासच्या तालुक्यांतली आहेत.

प्रश्न : माझा स्टुडिओ गोडोलीत आहे. लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण सगळे करतो. दिवाळीनंतर पोवई नाक्याच्या बाजूला 20 बाय 10 फुटांचे होर्डिंग तीन महिने घ्यायचा विचार आहे. डिझाइनमध्ये आठ निवडक फोटो, सेवांची यादी, पत्ता, दोन मोबाइल नंबर, इन्स्टाग्राम आणि क्यूआर कोड घेतला आहे. अजून काय टाकावे?
— गोडोली, सातारा

उत्तर : टाकायचे काही राहिलेले नाही, काढायचे मात्र बरेच आहे.

ताशी 40 किलोमीटरने येणारी दुचाकी सेकंदाला सुमारे 36 फूट पुढे सरकते. बोर्ड 250 फुटांवरून नीट दिसायला लागला तर तो ओलांडेपर्यंत सात सेकंद मिळतात. त्यातही चालवणाऱ्याचे लक्ष खड्डा, रिक्षा आणि सिग्नल यांत वाटलेले असते, म्हणजे बोर्डाच्या वाट्याला दोन ओझरत्या नजरा येतात. तेवढ्यात एक चेहरा, स्टुडिओचे नाव, कामाची एक ओळ आणि एक नंबर एवढेच पोचते. आठ फोटो लावले की एकही दिसत नाही.

अक्षरांचा हिशेब असा धरा : दर 10 फूट अंतराला 1 इंच उंची. 150 फुटांवरून सहज वाचायचे नाव 15 इंचांपेक्षा कमी नको, आम्ही 18 घ्यायला सांगू. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार असतो. त्यामुळे 18 इंचांच्या अक्षरांची ओळ प्रत्यक्षात अडीच फूट खाते. हे विसरल्यामुळेच नावाचा रफार लोखंडी फ्रेमच्या मागे दुमडला जातो आणि ‘कीर्ती’चे ‘कीती’ होते. दहा फूट उंचीत तीन ओळी बसतात. चौथी बसवायला गेलात की सगळ्याच बारीक होतात. बारीक रेघांचा नाजूक सुलेखनी फॉन्ट पत्रिकेवर शोभतो, रस्त्यावर त्याची शिरोरेषाच गायब होते. जाड, मोकळे अक्षर घ्या आणि मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा.

क्यूआर कोडचा नियमही सोपा आहे. जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचा, त्याच्या एक दशांश त्याची बाजू हवी. 150 फुटांसाठी 15 फूट. तुमचा बोर्डच दहा फूट उंच आहे. तो कोड कार्डावर आणि मंगल कार्यालयाच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवा, तिथे माणूस थांबलेला असतो.

बोर्ड पाहून गाडी थांबवून नंबर टिपणारा विरळाच. लोक नाव लक्षात ठेवतात आणि घरी गेल्यावर मोबाइलवर शोधतात. म्हणून बोर्ड चढण्याआधी गुगलवरच्या व्यवसाय-नोंदीत तेच नाव, त्याच शब्दांत, देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत दिसते का ते तपासा. बोर्डावर एक नाव आणि मोबाइलवर दुसरेच असेल तर भाडे पाण्यात गेले.

चेहरा एकच घ्या, किंवा जोडी, पण अगदी जवळून. नवरीची नजर नावाच्या दिशेला असू द्या. ती बोर्डाबाहेर पाहत असेल तर पाहणाऱ्याचे डोळेही तिच्यामागे बाहेर जातात. रंगांचे म्हणाल तर आपल्या चौकांत वाढदिवसांचे भगवे, पिवळे, लाल फ्लेक्स बारमाही असतात. त्यांच्या शेजारी साधा पांढरा किंवा गडद एकरंगी बोर्ड आपोआप उठून दिसतो.

आता जागा. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर (चौकाखालून जाणारा रस्ता) झाल्यापासून बरीच वाहने खालून निघून जातात आणि त्यांना वरच्या चौकातला बोर्ड दिसत नाही. एजन्सी वर्दळीचा आकडा सांगेल तेव्हा विचारा : वरची की खालची? स्वतः सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला गाडीवरून त्या बाजूने या. 250, 150 आणि 80 फुटांवर थांबून मोबाइलने फोटो काढा. मध्ये झाड असेल तर पावसाळ्यानंतर त्याची पालवी किती पसरते ते पाहा. बोर्डासाठी फांदी तोडायलाही परवानगी लागते, तेव्हा ‘नंतर छाटून देऊ’ या तोंडी आश्वासनावर जागा घेऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लोक खरेदीला बाहेर पडतात त्यानंतर. बोर्डावर दिवे आहेत का, किती वाजेपर्यंत चालू राहतात, बिल कोण भरतो, हे भाडे ठरवताना लिहून घ्या.

प्रश्न : 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो 20 फुटांवर फाटेल, म्हणजे त्याचे ठिपके दिसतील, असे डिझायनर म्हणतो. 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपक्यांची) फाइल करायला बसलो तर कॉम्प्युटर अडकतो. शिवाय मागच्या बोर्डात त्वचा लालभडक आली होती.
— कराड

उत्तर : 300 डीपीआय हातात धरून बघायच्या अल्बमसाठी. त्या हिशेबाने 20 फूट म्हणजे 72,000 पिक्सेल होतात आणि 20 बाय 10 ची सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) फाइल दहा जीबीच्या पुढे जाते. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो. 20 फूट म्हणजे 240 इंच, त्याला 6000 पिक्सेल पसरले की 25 डीपीआय. रस्त्यापलीकडून पाहायला एवढे भरपूर आहे. मात्र मूळ फोटो घ्या. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेला घेतलात तर डिझायनरचे म्हणणे खरे ठरेल. फाइल दहास एक प्रमाणात, 24 बाय 12 इंच आणि 250 डीपीआय अशी करा. प्रमाण फाइलच्या नावातच लिहा.

त्वचा लाल येते कारण स्क्रीनवरचा आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा) फोटो तसाच मशीनला दिला जातो आणि रूपांतर तिथला सॉफ्टवेअर आपल्या मनाने करतो. सीएमवायके तुम्हीच करा, त्वचेतला मॅजेंटा (गुलाबीसर लाल शाई) थोडा उतरवा आणि पूर्ण बोर्ड छापण्याआधी चेहऱ्याचा 2 बाय 2 फुटांचा तुकडा त्याच फ्लेक्सवर छापून उन्हात धरून पाहा. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला रंग बाहेर वेगळा दिसतो.

मराठी मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करूनच द्या. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधला किंवा युनिकोडमधला मजकूर तसाच दिला आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरे फुटतात. कर्व्ह केल्यानंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून न केलेली प्रत जवळ ठेवा.

सर्वसाधारण मोठे मशीन 3.2 मीटर, म्हणजे साडेदहा फूट रुंद छापते. 10 फूट उंचीच्या बोर्डाला वर-खाली तीन-तीन इंच दुमड धरली तरी तो अखंड निघतो. उंची 12 किंवा 15 फूट असेल तर जोड येणारच. तो चेहऱ्यावरून जाणार नाही अशी जागा डिझाइनमध्येच ठरवा. छपाईवाल्यावर सोपवले तर जोड नाकावरून जातो. तीन महिन्यांसाठी 280 जीएसएमच्या (चौरस मीटरला 280 ग्रॅम वजनाच्या) खालचा फ्लेक्स घेऊ नका. सैल बांधलेला फ्लेक्स फडफडून कडेला फाटतो. कडेला दोरी घालून दुहेरी दुमड आणि दीड-दोन फुटांवर रिंगा मागा. चार दिवस ऊन खाल्ल्यावर तो ढिला पडतो, तेव्हा पुन्हा ताणून देण्याचे आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : एकूण 60,000 रुपये आहेत. तीन ठिकाणी एकेक महिना, की एका ठिकाणी तीन महिने?
— कोरेगाव

उत्तर : एका ठिकाणी तीन महिने. कोरेगावहून साताऱ्याला रोज जाणारा माणूस तोच बोर्ड महिन्याला पन्नास वेळा पाहतो, आणि घरात लग्न ठरते तेव्हा त्याला नाव आठवते. तीन ठिकाणी एकेक महिना म्हणजे ओळख होण्याआधीच निरोप.

महिने निवडताना पंचांग पाहा. चातुर्मासात लग्ने जवळपास नसतात, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि फोटोग्राफर ठरतो तो कार्यालय ठरल्याच्या पाठोपाठ. म्हणून बोर्ड नवरात्रात चढवा आणि मार्गशीर्षापर्यंत ठेवा. एप्रिल-मेची लग्ने पकडायची असतील तर संक्रांतीनंतर लगेच. लग्नसराई ऐन भरात असताना लावलेला बोर्ड पाहून लोक ‘छान आहे’ म्हणतात, पण त्यांचे फोटोग्राफर ठरलेले असतात. आषाढ-श्रावणात बोर्ड रिकामे पडतात. तेव्हाच बोलणी करून हंगामाची जागा अडवली तर भाव करायला वाव असतो.

समजा एका लग्नाच्या ऑर्डरमधून अल्बम, सहायक, व्हिडिओ आणि प्रवास वजा जाता हातात 12,000 उरतात. तर बोर्ड वसूल व्हायला पाच जादा ऑर्डरी हव्यात. जादा, म्हणजे एरवी आल्या नसत्या अशा. हे कळण्यासाठी बोर्डावर वेगळे सिम कार्ड वापरा, आणि प्रत्येक चौकशीच्या वेळी ‘नाव कुठे कळले?’ विचारून वहीत लिहा. 60,000 मध्ये भाडे, छपाई, चढवण्याची मजुरी आणि जाहिरातीच्या जागेवरचा 18 टक्के जीएसटी सगळे बसले पाहिजे. कोटेशन या चार भागांतच मागा. फाटल्यास किती दिवसांत बदलून देणार आणि बोर्ड झाकला गेला तर ते दिवस वाढवून मिळणार का, हेही लिहून घ्या. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स तुमच्यावर बांधला जाणार, हे गृहीत धरूनच करार करावा.

प्रश्न : आमच्या स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर लोखंडी अँगलची फ्रेम करून बोर्ड लावला तर भाडे वाचेल. जागा आपली असताना परवानगी लागते का?
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : लागते. जागा तुमची असली तरी दिसणाऱ्या जाहिरातीला स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी हवी, शिवाय नोंदणीकृत अभियंत्याचे बांधकाम मजबुतीचे प्रमाणपत्र. महामार्गाच्या हद्दीत असेल तर महामार्ग प्राधिकरणाचीही. अनधिकृत फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गाजलेली जनहित याचिका साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची होती आणि तिचा निकाल जानेवारी 2017 मध्ये लागला, तेव्हा ‘इथे कोण विचारतो’ असे समजू नये. भाड्याचा बोर्ड घेतानाही त्यावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत लिहिलेली आहे का ते पाहा. नसेल तर उतरवला जाईल तो तुमचा फ्लेक्स.

कागदाइतकाच वाऱ्याचा प्रश्न आहे. 20 बाय 10 फूट म्हणजे 18.6 चौरस मीटर. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर किमान साडेचारशे किलोचा रेटा येतो. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट. विटांच्या कठड्याला बोल्ट मारून हा भार पेलत नाही, फ्रेमचे पाय कॉलम किंवा बीमवर यावे लागतात. तिथे भोके पाडली की वॉटरप्रूफिंग फुटते आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीला ओल येते. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात 120 बाय 120 फुटांचा फलक कोसळून 17 माणसे गेली. आपल्याकडे वळीव येतो तोही एप्रिल-मेमध्येच. गच्चीपेक्षा दुकानाच्या दर्शनी बाजूची पाटी मोठी आणि उजेडाची करा. त्या पाटीवर मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी, हा 2017 च्या दुकाने अधिनियमात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू असलेला नियम आहे.

प्रश्न : फोटो मी काढला, मग तो होर्डिंगवर लावायला नवरा-नवरीला विचारावे लागते का?
— वाई

उत्तर : हो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. बऱ्याच फोटोग्राफरांना हे उलटेच वाटते. ऑर्डरच्या फॉर्मवर खाली बारीक ओळ छापून भागवू नका. कोणता फोटो, कुठल्या बोर्डावर, किती महिने, एवढे लिहून नवरा, नवरी आणि पैसे देणारे वडील किंवा काका यांच्या सह्या घ्या. बदल्यात मोठी फ्रेम भेट दिलीत तर लोक आनंदाने तयार होतात. लहान मुलाचा फोटो असेल तर आईवडिलांची सही. गावातल्या मुलीचा चेहरा चौकात न विचारता लागला तर कोर्टाआधी भावकीच दारात येते. इंटरनेटवरचे जोडपे लावणे त्याहून वाईट. तुमचे काम म्हणून दुसऱ्याचा फोटो दाखवल्यासारखे होते.

प्रश्न : मुदत संपल्यावर उतरवलेल्या फ्लेक्सचे काय करायचे?
— सातारा रोड

उत्तर : करारात ‘उतरवलेला फ्लेक्स परत मिळावा’ ही ओळ घाला, नाहीतर तो परस्पर विकला जातो. जाळू नका, पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. वैरण झाकायला किंवा गोठ्यावर टाकायला कुणी मागितला तर जरूर द्या, पण आधी चेहऱ्याचा भाग कापून काढा. ज्यांनी सही करून फोटो वापरू दिला, त्यांना पुढच्या पावसाळ्यात नवरीचा चेहरा म्हशींच्या छपरावर दिसायला नको.