एअर पिस्तूल शिकायला पहिल्यांदाच नेमबाजीच्या रेंजवर जाताना काय काय पाळावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीसोबत एअर पिस्तुलाच्या वर्गात स्वतःचंही नाव घातलंय, रविवारी पहिला दिवस आहे आणि नेम चुकला तर लोक हसतील अशी धास्ती वाटते. कुणी हसत नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफल नेमबाजीत कांस्य मिळवल्यापासून आमच्या रेंजवर चाळिशीतले नवखेही बरेच येतात. पहिल्या दिवशी तुमचे गुण कुणी बघत नाही. पिस्तुलाचं तोंड कुठे आहे ते मात्र सगळे बघतात.

नळी कायम टार्गेटकडेच हवी, छर्रा आत असो वा नसो. गंमत म्हणजे ही चूक बहुतेकांच्या हातून चांगल्या सवयीमुळे होते. हाक आली की आपण वळून ओ देतो. सुरुवातीच्या दिवसांत सरांनी मागून माझं नाव घेतलं, मी "हो सर" म्हणत वळलो आणि हातातलं पिस्तूलही माझ्याबरोबर वळलं. रिकामं होतं. तरी सरांनी माझं मनगट धरून ते समोर फिरवलं, टेबलावर ठेवायला लावलं आणि मगच बोलले. शेजारच्या लेनवर बारा वर्षांची मुलगी उभी होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हापासून आधी पिस्तूल खाली, मग मान. हाक मारणारा थांबतो, त्याला राग येत नाही.

ट्रिगरवर बोट नेम धरल्यावरच न्या. स्पर्धेच्या नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला किमान ५०० ग्रॅम वजनाचा जोर लागायला हवा, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढा. नवख्याला वाटतं त्यापेक्षा तो फार लवकर सुटतो आणि ४.५ मिलिमीटरचा तो छर्रा डोळा घालवायला पुरेसा असतो.

नेमबाजी थांबली की नळीत सेफ्टी फ्लॅग घालतात. ही नारिंगी रंगाची लांब दोरी असते. तिचं टोक नळीच्या तोंडातून बाहेर लोंबताना दिसलं की आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. 'लोड' अशी आज्ञा मिळाल्याशिवाय छर्रा भरू नका. 'स्टॉप' ऐकलं की ट्रिगर अर्धा दाबलेला असला तरी छर्रा न झाडता बोट काढून घ्या. फायरिंग लाइनपुढे, म्हणजे नेमबाज उभे राहतात त्या रेषेपुढे, कुणी गेलेलं दिसलं तर नवखे असलात तरी "स्टॉप" ओरडायला लाजू नका. छर्रा घरंगळत लाइनपुढे गेला तर तिथेच राहू द्या.

छर्रे शिशाचे, म्हणजे विषारी धातूचे असतात. लहान मुलं ते सहज ओठांत धरतात, तेवढं मुलीला आधीच सांगा. खाण्याचा डबा उघडण्यापूर्वी दोघंही साबणानं हात धुवा.

दुसऱ्याच्या पिस्तुलाला विचारल्याशिवाय हात लावू नका, त्याची मूठ त्याच्या हातासाठी घासून बसवलेली असते आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्याच्या डोळ्याला जुळवलेली असते. मोबाइल सायलेंटवर ठेवा. आणि पालक म्हणून एक विनंती, मुलीच्या मागे उभं राहून "हात सरळ कर, श्वास धर" असं सुचवू नका. तिला सरांचाच आवाज ऐकू येऊ द्या.

बंद बूट घाला, चष्मा असेल तर लावूनच जा. दहा मिनिटं आधी पोहोचून "सर, आधी फ्लॅग घालायला-काढायला शिकवा" असं सांगा.