या वयात मला जमेल का?

“साधी साधी कामेही मला येत नाहीत, आता या वयात जमतील का?” हा प्रश्न समुपदेशनात मी वारंवार ऐकते. विचारणारी व्यक्ती कधी पन्नाशीची असते, तर कधी शिक्षण संपवून नुकतीच एकटी राहू लागलेली तरुण मुलगी. अशाच एका बाईंचा हा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून येथे देत आहे.

पतींची दूर बदली झाली आणि बिले, बँक, दुरुस्त्या असे सारे त्यांच्या अंगावर आले. मुलगा जवळ होता, सांगितलेले प्रत्येक काम तो तत्परतेने करून देत असे आणि तरीही बाईंना रात्र रात्र झोप लागत नव्हती. “तो आहे तोवर ठीक, पण तो कामानिमित्त बाहेरगावी गेला तर?” असे त्या पुनःपुन्हा म्हणत.

मुलालाही सोबत बोलावून मी त्यांना मोबाईलवरून बिल भरून दाखवायला सांगितले. ग्राहक क्रमांक टाकताना एक आकडा चुकला, बाईंचा अंगठा पडद्यावर थबकला आणि त्याच क्षणी “दे इकडे” म्हणत मुलाने फोन हातातून काढून घेतला. त्याच्या स्वरात तुच्छता अजिबात नव्हती, उलट आईचा त्रास वाचवावा हीच इच्छा होती. बाई मात्र माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “बघा, रोज असंच होतं.”

त्यांची अडचण वयाची नव्हती. आपल्याला एखादे काम जमेल या विश्वासाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये स्वयं-क्षमतेची जाणीव म्हणून मांडले. आपल्यासारख्या माणसाला ते काम करताना पाहणे, कोणी धीर देणे यांनीही ती वाढते. परंतु सर्वांत भक्कम आधार मिळतो तो काम स्वतः पार पाडल्याच्या अनुभवातून. नेमका तोच अनुभव बाईंच्या हातून दररोज, प्रेमापोटी, काढून घेतला जात होता.

म्हणून आम्ही उलट्या क्रमाने सुरुवात केली. आधीच्या सगळ्या पायऱ्या मुलाने करायच्या, शेवटची मात्र बाईंनी : रक्कम तपासून पिन टाकणे आणि पावती जपून ठेवणे. ते सरावाचे झाले की त्याआधीची पायरीही त्यांच्याकडे यायची. या पद्धतीत काम दर वेळी शिकणाऱ्याच्या हातून पूर्ण होते, हे तिचे मोठे बळ आहे. मुलासाठी नियम एकच होता : तोंडाने सांगायचे, हात लावायचा नाही. तो पाळणे त्याला फार जड गेले, आणि मला वाटते बहुतेक घरांत खरा अभ्यास शिकवणाऱ्यालाच करावा लागतो.

“चूक होऊन पैसे गेले तर?” ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. त्यामुळे सरावासाठी थोडीच शिल्लक असलेले वेगळे खाते ठेवले, आणि ओटीपी किंवा पिन कोणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगायचा नाही हे पक्के केले.

पुढे एका संध्याकाळी इस्त्री सुरू करताच घरातली वीज गेली. आधी त्यांनी खिडकीतून शेजारी दिवे आहेत ना ते पाहिले, मग कोरड्या हाताने बोर्डाचे झाकण उघडले. एक एमसीबी, म्हणजे बिघाड झाल्यास वीज आपोआप तोडणारा खटका, खाली पडला होता. इस्त्रीची पिन काढून त्यांनी तो वर केला आणि तो टिकला, म्हणजे बिघाड इस्त्रीतच असावा असे ताडून त्यांनी ती दुरुस्तीला दिली. एमसीबी पुन्हा पडला असता तर त्याच्याशी झटापट न करता इलेक्ट्रिशियनला बोलवायचे, हेही त्यांना ठाऊक होते. मुलाला त्यांनी हे दुसऱ्या दिवशी सांगितले.

प्राप्तिकराचे विवरणपत्र त्यांनी आजही सल्लागाराकडेच ठेवले आहे. फक्त आता सही करण्यापूर्वी त्या प्रत्येक पान वाचतात आणि न समजलेल्या आकड्याबद्दल त्याला विचारतात.