पाटल्या गहाण ठेवून मोठा कटर घ्यावा का?

दापोली तालुक्यातून एका वाचकांनी लिहिलं आहे. झाडं तोडण्याची कंत्राटं घेतात, हाताखाली तीन माणसं, घरची सत्तर सीसीची चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवरची साखळी-करवत, सहा वर्षं वापरलेली. जुने आंबे, फणस अंगावर आले की पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती) पुरत नाही, मग दिवसाला १,५०० रुपये देऊन दुसऱ्याचं मोठं मशीन आणावं लागतं. गेल्या हंगामात असे २२ दिवस झाले. त्यांच्यापुढे तीन मशीन आहेत: स्टिलची एमएस ८८१ आणि एमएस ६६१, आणि हस्कवार्नाची ३९५ एक्सपी. पहिलीचा त्यांना मिळालेला भाव पट्टी-चेनसकट २ लाख १० हजार, बाकी दोन्ही १ लाख ३५ हजारांच्या आसपास. पावसाआधी पत्नीचं सोनं तारण ठेवून ८८१ घ्यायचा विचार आहे. प्रश्न असा: यातली सगळ्यात भरवशाची कोणती, आणि एवढं कर्ज झेपेल का?

नमस्कार. मी लाकूड तोडत नाही, त्यामुळे आकडेमोड करण्याआधी चेनसॉ दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे अर्धा दिवस जाऊन बसलो. टेबलावर पाच मशीन उघडी पडली होती. दोघींचे पिस्टन ओढलेले, म्हणजे घासून ओरखडलेले, कारण पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतलेलं. एकीच्या कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) ताठ झालेला. चौथीचा एअर फिल्टर भुशाने इतका माखलेला की फिल्टर कुठे संपतो आणि भुसा कुठे सुरू होतो ते कळेना. पाचवीची चेन बोथट होती, मालक ती जोर लावून चालवत राहिला आणि पट्टी तापून निळी पडली. कंपनी कुठली, हे मिस्त्रींनी एकदाही सांगितलं नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्या वर्गातली सगळीच चांगली असतात. पार्ट कोणाचा लवकर मिळतो ते बघा."

मला हे पटलं. तुमच्या धंद्यात मशीन कधी ना कधी बंद पडणारच. पडल्यावर ती किती दिवसांत पुन्हा उभी राहते, तो खरा भरवसा, आणि पैशात मोजता येतो तोही तेवढाच. तीन माणसांची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि झाडाच्या मालकाची बोलणी, हे सगळं एका आठवड्याचं धरलं तर दोन कंपन्यांच्या किमतीतला फरक त्यात बुडून जातो.

आता मशीनकडे वळू. ८८१ म्हणजे १२१.६ सीसी आणि ६.४ किलोवॉट ताकद, पण पट्टी न लावताच वजन ९.९ किलो. ६६१ ही ९१.१ सीसीची, ५.४ किलोवॉट आणि ७.४ किलो. ३९५ जवळपास तेवढीच, ९३.६ सीसी, ४.९ किलोवॉट, ७.९ किलो. नव्वदच्या वर्गातल्या या दोघींना ३६ इंची पट्टी बसते आणि दोन्ही बाजूंनी घेतलं तर चार-पाच फुटी बुंधाही निघतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तुम्ही पत्रात दिलेल्या झाडांच्या यादीत त्यापेक्षा मोठी तीनच आहेत. तीन झाडांसाठी दहा किलोचं धूड वर्षभर खांद्यावर वागवायचं का? पडलेल्या झाडावर तिरकं उभं राहून काम करताना तर ते नकोसंच होईल.

६६१ आणि ३९५ मधला फरक तुमच्यासाठी कार्ब्युरेटरचा आहे. ६६१ ची एम-ट्रॉनिक आवृत्ती असेल तर इंधनाचं मिश्रण इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतं, हवा-पाणी बदललं तरी तुम्हाला हात लावावा लागत नाही. बिघडली की मात्र तपासणीचं यंत्र असलेल्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. ३९५ जुन्या वळणाची, साध्या कार्ब्युरेटरची. तुमचा मिस्त्री जाणकार असेल तर स्क्रू ड्रायव्हरने जुळवून देतो, आणि अर्धवट जाणकार असेल तर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, ठेवून पिस्टन घालवतो. म्हणून निवड मी दुकानातच करा म्हणेन. काउंटरवर जाऊन तीन वस्तू मागा: डायफ्रॅम किट, क्लच ड्रम आणि पिस्टन-सिलिंडर सेट. जो दुकानदार तिथल्या तिथे फळीवरून काढून ठेवेल, त्याची मशीन घ्या. "मागवून देतो" हे उत्तर मी नाही असंच धरतो.

आता हिशेब. पाच वर्षं वापरून नव्वदवालीचे ३५ हजार परत आले, तर घसारा, म्हणजे किमतीतली घट, वर्षाला २० हजार. चेन, कानस, स्प्रॉकेट, किरकोळ दुरुस्ती ८ हजार धरू. तीन राक्षसी झाडांसाठी भाड्याचे ४,५०० वेगळे. झाले ३२,५००. आज तुम्ही भाड्यात ३३ हजार घालवताय, म्हणजे नुसतं भाडं वाचवायला घेतली तर हाती काहीच लागत नाही. फायदा आहे तो तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात त्या ओळीत: भाड्याचं मशीन त्या दिवशी मोकळं नव्हतं म्हणून सहा कामं हातची गेली. मजुरी जाऊन कामामागे ३ हजार उरले असते तर ते १८ हजार होतात. नव्वदवालीचा नफा जवळपास तेवढाच.

८८१ घेतलीत तर पुढे तिचे ६० हजार येतील असं धरूनही घसारा ३० हजार, देखभाल ११ हजार आणि दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज २१ हजार. एकूण ६२ हजार. समोर भाडं आणि हुकलेली कामं मिळून ५१ हजार. पहिलं वर्ष तोट्यात.

वहिनींनी पाटल्या द्यायला होकार दिला, असं लिहिलंय. त्यांना यातला कोणता आकडा सांगितला होता?

आणि पावसाआधीच का? तुमच्याकडे १ लाख ६० हजारांची ठेव आहे आणि घरखर्च महिन्याला २२ हजार. जून ते सप्टेंबरचे ८८ हजार बाजूला काढले की मोकळे उरतात ७२ हजार. आज घेतलेलं मशीन चार महिने पोत्याखाली बसेल आणि वॉरंटी मात्र चालू राहील. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर पंधरा दिवसांत चांगली कमाई झाली होती, असं तुम्ही म्हणता. पण रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडांना तेव्हा हीच सत्तर सीसीची पुरली होती ना? वादळाच्या आशेवर कर्ज काढू नये.

ऑक्टोबरमध्ये घ्या. ७२ हजार तुमचे, कमी पडणारे ६३ हजार सहा महिन्यांच्या सोनेतारणावर. दहा टक्क्यांनी व्याज ३,१५० रुपये होईल आणि सगळ्या पाटल्या ठेवाव्या लागणार नाहीत. सोनं अजिबात हलवायचं नसेल तर मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा अर्ज ऑगस्टमध्येच टाका.

दुकानदाराने घसाऱ्यामुळे कर वाचेल असं सांगितलं, ते सोडून द्या. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही, मग वाचणार काय?

ओळखीतली जुनी ८८१ स्वस्तात मिळतेय, तिचं म्हणाल तर आधी सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर फुकटही नको.

कर्ज काढाल त्या दिवशी चेनसॉची जाड पँट आणि जाळीचं हेल्मेटही घ्या, आणि चौघांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवा. माणशी वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तुमच्या पत्रात मशीनच्या विम्याची चौकशी होती, माणसांच्या नव्हती.

जुन्या मशीनचं इंधन मात्र याच आठवड्यात टाकीतून काढा आणि उरलेलं संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते ओल धरतं, आणि कोकणात ओलीला तोटा नाही. नवं भराल तेव्हा एक लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, मशीनच्याच कंपनीचं, मापाने, बाटलीच्या झाकणाने नव्हे.